भुंग्याचं कुलूप

आमच्या विद्युत अभियांत्रिकी संस्थेत त्याला सगळे भुंगा म्हणत. काम करताना तो सतत गुणगुणायचा, आणि एकही सूर धड लागायचा नाही. उच्च दाबाच्या प्रयोगशाळेत जाळीचा मोठा पिंजरा आहे. तिथे लाखो व्होल्टच्या चाचण्या होतात. आत शिरणाऱ्याने बाहेरच्या मुख्य स्विचला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची, म्हणजे माणूस आत असताना कुणी वीज सोडू शकत नाही. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. या नियमापायी भुंग्याने भल्याभल्यांना ताटकळत ठेवलं. एकदा संचालक पाहुणे घेऊन आले, तर हा आत निवांत बसून डबा खात होता! "जेवण झालं की काढतो," म्हणाला. मी तिथलीच तंत्रज्ञ. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.

असा हा माणूस एका दुपारी छातीवर हात ठेवून पिंजऱ्यातून बाहेर आला, बाकावर बसला, आणि आम्ही दवाखान्यात नेईपर्यंत संपला. त्याची बायको, आमच्या वहिनी, लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. नवऱ्याशी शेवटचं बोलताही आलं नाही त्यांना. त्याच्या खिशातली किल्ली त्यांच्याकडे गेली आणि कुलूप इथे स्विचवर राहिलं.

ते काढायला कुणाचा हात धजेना. संशोधन ठप्प झालं. शेवटी प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सरच कटर घेऊन आले. हळवेपणाचं त्यांना वावडं. तरी सवयीने हाक मारलीच, "आत कोणी आहे का?"

आतून गुणगुण आली.

सर पांढरेफटक पडले. कटर खाली ठेवून त्यांनी एकूण एक वायर तपासली, इमारतीचा पुरवठासुद्धा बंद करायला लावला. गुणगुण चालूच. तोच बेसूर आवाज. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि खरं सांगते, बरंही वाटलं.

सरांनी वहिनींना बोलावून घेतलं. त्या मुठीत किल्ली धरून आल्या आणि जाळीशी उभ्या राहून ऐकत राहिल्या.

"कुलूप काढलं की हे थांबेल?"

"बहुतेक," सर म्हणाले. "वहिनी, मुलांच्या पदव्या अडकल्यात हो."

वहिनींनी बाक ओढून घेतला. "अहो, नात झाली," त्या जाळीकडे तोंड करून बोलू लागल्या. "नाक तुमच्यावर गेलंय बिचारीचं. न्हाणीघरातला नळ अजून गळतोय. उद्या करतो म्हणाला होतात." गुणगुण मध्येच थांबायची, मग पुन्हा सुरू व्हायची. सरांनी त्यांना एकदाही घाई केली नाही.

सगळं सांगून झाल्यावर त्या उठल्या. किल्ली कुलपात घातली, पण फिरवेना. "तुम्ही काढता का?" त्यांनी मला विचारलं. मी हात मागे घेतला. भुंग्याने मला सोडलं नसतं. मग त्यांनीच डोळे मिटून किल्ली फिरवली. गुणगुण मध्येच तुटली.

वीज सोडण्याआधी सरांनी पुन्हा हाक मारली, "आत कोणी आहे का?"

दाराशी उभ्या माणसाने आत बघून मोठ्याने उत्तर द्यायचं, त्याशिवाय स्विच दाबत नाहीत. ते काम माझं. पण मी वहिनींकडे पाहिलं. सर थांबून होते.

वहिनी जाळीला कपाळ टेकून आत बघू लागल्या. एकेक कोपरा त्यांनी नीट पाहिला.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या.