कड नसलेली दीर्घिका

वेधशाळेच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत तिच्या नोकरीची सगळी वर्षं सरली. दुर्बिणीतून घेतलेले आकाशाचे फोटो काचेवर उमटून येत. त्या काचा भिंगाखाली सरकवायच्या आणि आपल्या आकाशगंगेसारख्या दूरदूरच्या दीर्घिकांची मापं लिहायची, एवढंच तिचं काम. सगळे तिला मोजणीबाई म्हणत.

सर्पिल दीर्घिकांनी तिला कधी त्रास दिला नाही. छळलं ते एका लंबवर्तुळाकार दीर्घिकेनं. तिला ना फाटे, ना धुळीचे पट्टे. म्हाताऱ्या, तांबूस ताऱ्यांचा नुसता अंडाकृती पुंजका. मधोमध लख्ख, आणि बाहेर जावं तसा उजेड इतका हळूहळू विरे, की संपला कुठं ते कळेना.

तिच्या पहिल्या काचेवर लांबी भरली सात मिलिमीटर. जास्त वेळ उजेड घेतलेल्या दुसरीवर नऊ. त्याहून जास्त घेतलेल्या तिसरीवर साडेअकरा.

वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी मापांचा कागद परत सरकवला. "एकाच वस्तूची तीन मापं? बाई, डोळे तपासून घ्या."

डॉक्टरांनी डोळे ठणठणीत असल्याचं लिहून दिलं. ती चिठ्ठी घेऊन ती तणतणत वर गेली. "आता तुम्हीच मोजा, साहेब."

साहेब दुपारभर भिंगाला डोळा लावून बसले. त्यांचीही मापं तीनच निघाली. त्यांनी छापायच्या यादीत मधलं नऊ लिहिलं.

"निदान खाली टीप तरी द्या, की हिला कड नाही म्हणून."

"रकान्यात एकच आकडा मावतो, बाई."

घरी नवऱ्यानं चेष्टेत विचारलं, "काय, वाढली का आज तुमची दीर्घिका?"

"ती नाही वाढत. आम्हालाच कमी दिसतं," ती म्हणाली आणि जेवता जेवता उठून गेली.

नऊचा आकडा छापून झाला. अकरा वर्षांनी नवे साहेब आले. त्यांनी नियम घातला: उजेड ठरावीक पातळीपर्यंत उतरला की थांबायचं आणि तीच कड धरायची. नियम शहाणपणाचा होता. पण त्यापायी चारशे दीर्घिका नव्यानं मोजायच्या होत्या.

"हे मी कधीपासून सांगतेय," ती म्हणाली.

"असेल. मला कुणी सांगितलं नाही."

तिनं क्रम सोडून आधी तीच दीर्घिका काढली. तिन्ही काचांवर माप एकच आलं. क्रम मोडला म्हणून नवे साहेब चिडले ते वेगळंच.

निवृत्तीपर्यंत दोनशे तीस झाल्या. उरलेल्यांचं काय झालं, ते तिला कुणी कळवलं नाही.