बेसनातले थेंब

"स्किझोफ्रेनिया," डॉक्टर म्हणला आन् पुढच्या पेशंटची फाईल उघडली.

मी चौथी शिकलेला माणूस. म्हटलं, साहेब, आमाले समजन असं सांगा. तवा त्यानं मान वर केली. "तुमच्या मुलाला जे आवाज ऐकू येतात ते त्याच्या मेंदूतूनच येतात. त्याला ते खरे वाटतात. लोक आपल्यावर टपलेत असं वाटतं. औषध रोज, आणि बरीच वर्षं."

संजू तवा सत्तावीस वर्षांचा होता. अकोल्याच्या त्या दवाखान्यात बाहेर बाकड्यावर दोन्ही कान दाबून बसला होता. येनारे-जानारे त्याच्याकडं पाहत होते. मी एकाले शिवी देली.

माही बायको डॉक्टरले म्हणली, "तो गोळी घेत नाही जी. थुकून टाकते."

"मग थेंब लिहून देतो. वास नाही, चव नाही. जेवणात टाका. त्याला सांगायची गरज नाही."

इतकंच. अर्धा मिनिट लागला असन. त्या अर्ध्या मिनिटानं आमच्या घराचं काय केलं ते सांगाले मी बसलो. ज्याच्या घरी असं मानूस आहे त्यानं वाचावं. बाकीच्यायनं हळहळ कराची गरज नाही, मले ती आवडत नाही.

आमचं गाव तेल्हाऱ्याकडं. दोन एकरात वांगे, मेथी, सांबार म्हंजे कोथिंबीर लावतो आन् बाजारात विकतो. संजूची माय रोज संध्याकाळी त्याचं ताट अलग वाढे. बेसन, म्हणजे तुमचं पिठलं, वाटीत घे, माह्याकडं पाठ करे, थेंब टाके, बोटानं ढवळे. मग म्हणे, "संज्या, ये बाप्पा, तुह्यासाठी अलग बनवलं."

पोरगा सुधरला. वांगे तोडू लागला, बाजारात बसू लागला, गिऱ्हाइकासंग हासू लागला. आन् गावात सांगत फिरे, "मी एक गोळी न खाता बरा झालो." लोकायले वाटे देवाची कृपा. मी बायकोले म्हनो, सांग त्याले एकदा. ती म्हणे, "बरा हाये ना? मंग म्हणू द्या." अकरा वर्षं असं चाललं. मीही गप रायलो. त्यात माहा दोष हाये, तो मी कोणावर ढकलत नाही.

मागच्या वर्षी ती गेली. सकाळी छातीत कळ आली, तेल्हाऱ्याले पोचेपर्यंत सारं संपलं.

आमच्याकडं मयत झाली का घरची चूल पेटत नाही. भावकीतून डबे येतात, सारे एका पंगतीत बसून खातात. तेरा दिवस तसंच खाल्लं. बेसन नाही, अलग वाटी नाही. बायको जाळून आलेल्या मानसाच्या ध्यानात थेंब रायतात का? तुमीच सांगा.

दहाव्या दिवशी संजू भिंतीकडं तोंड करून बोलाले लागला. तेरवीच्या पंगतीत माह्या भावाले म्हणला, "काका, तुमी माह्या मायले मारलं, मले समद्यायनं सांगतलं." लोक अर्ध्या ताटावरून उठले. भाऊ त्या दिवसापासून आला नाही. नको येऊ.

मंग मले बाटली आठोली. डाळीच्या डब्यामागं होती. किती थेंब टाकाचे ते तिनं मले कधी सांगतलं नाही, मी कधी विचारलं नाही. माह्या डोळ्यात मोतीबिंदू. अंदाजानं टाकले, सकाळी आन् संध्याकाळी. वाटलं, जास्त टाकले तर लवकर उतरन.

चवथ्या दिवशी संजूची मान एका बाजूले वळली ते वळलीच. जीभ बाहेर आली, डोळे वर चढले. गाडी करून अकोल्याले नेला. जुना डॉक्टर नव्हता, एक तरणा होता. "डिस्टोनिया," तो म्हणला. "औषध जास्त झालं की मान, जीभ, डोळे असे आखडतात. घाबरू नका, इंजेक्शननं उतरेल."

अर्ध्या घंट्यात मान सरळ झाली. तवर ठीक होतं. मंग त्या शहाण्यानं संजूच्या समोरच मले विचारलं, "बाबा, थेंब किती देत होता? आणि कशात?"

संजू खाटीवर उठून बसला. "कोणते थेंब?"

मले त्या डॉक्टरचं नरडं धरावं वाटलं. पण खोटं सुचलं नाही. म्हटलं, "बेसनात."

तवापासून पोरानं माह्या हातचं खाल्लं नाही. केळी खाये, सोलून. बिस्कुटाचा पुडा खाये, पण आधी चारी बाजूनं दाबून पाहे. पानी हापशीवर जाऊन पिये. औषध तर नाहीच. मले म्हणे, "आई होती तवा असं काही नोतं. ती गेली आन् तुमी मले जहर देनं चालू केलं."

मी गप बसलो. त्याच्या हिशोबानं सारं मीच केलं होतं. म्हटलं, समजू दे. बाप तसाही वाईटच होता, माय तरी चांगली राहू दे. ती आता दुसरं काय मागनार होती मले?

दोन महिन्यात त्याचा पायजमा कमरेवर रायेना. तो तरणा डॉक्टर म्हणला, "अमरावतीला पीअर सपोर्ट ग्रुप आहे. हा आजार ज्यांनी स्वतः भोगलाय, ती माणसं दुसऱ्याला सांभाळून घेतात. तिथं डॉक्टर नसतो."

मी म्हटलं, "म्हणजे येड्यायनं येड्यायले शिकवाचं?"

तो हासला नाही. पण 'तिथं डॉक्टर नसतो' हे ऐकून संजू जाले तयार झाला. शनिवारी आमी बसमधी बसलो. सारा रस्ता तो दुसऱ्या सीटवर होता.

अमरावतीत एका शाळेच्या मागं एक खोली. बारा-पंधरा जन सतरंजीवर बसलेले. कोणी जागच्या जागी डुलत, कोणी नुसतं खाली पाहत. मले तिथून पळावंच वाटलं. चालवनारा रमेश नावाचा पन्नाशीचा मानूस, नांदगाव पेठेत कपड्याच्या मिलमधी कामाले. तो स्वतः दोनदा मेंटल हॉस्पिटलात राहून आलेला. अजून गोळ्या खाते, आन् हे असं सांगते जसं लोक गाव सांगतात.

मी दारातच विचारलं, "तुमी काय डॉक्टर हा?"

"नाही काका. डॉक्टर असतो तर तुमी चप्पल काढून आत आले असते."

मी चप्पल काढली नाही. बाहेरच उभा रायलो.

तिथं एक रीत हाये. ज्याले संशय असते, चहा त्यानंच मांडाचा. पानी त्यानं आनाचं, पुडा त्यानं फोडाचा, वाटाचाही त्यानंच. रमेशनं संजूले काही विचारलं नाही, निस्ता स्टो दाखोला. संजूनं पातेलं तीनदा धुतलं. चहा केला, सगळ्यायले देला, मंग आपला पेला. दोन महिन्यात पयल्यांदा त्याच्या पोटात काही गरम गेलं. मी खिडकीतून पाहत होतो. मले आनंद नाही झाला, राग आला. बाप मेला होता का?

चवथ्या शनिवारी रमेशनं मले बाजूले घेतलं. "काका, संजू म्हणते, अकरा वर्षं औषधाबिगर बरा होतो, मंग आता काहून घेऊ? हे खरं हाये का?"

मी चपलेतला खडा झटकाले लागलो.

"त्याची माय देत होती ना?"

"तिचं नाव काढू नको. मेली हाये ती."

"म्हणूनच म्हणतो. तिले आता काई होत नाही. याले होऊन रायलं. याले वाटते आपल्याले औषधाची गरजच नोती. तुमी गप राहून त्याले उपाशी मारून रायले."

मी त्याले मायबहिणीवरून बोललो, सगळ्या लोकायसमोर. तो उभा राहून ऐकत होता. वरून म्हणला, "पुढच्या शनिवारी या. बाकीच्या शिव्या तवा द्या."

मी गेलो नाही. दोन शनिवार संजू एकटा गेला.

मंग एक दिवस तो वांग्याच्या वाफ्यात पडला. चक्कर येऊन. मी त्याले उचलला. अडतीस वर्षांचा गडी, आन् मले जोरच लागला नाही. बांधावर त्याले ठेवला, त्यानं डोळे उघडले, आन् मी पाण्याचा गडू पुढं केला तर त्यानं तोंड फिरोलं. त्याच घडीले मी ठरवलं.

शनिवारी गेलो. घरी सांगतलं असतं तर त्याले वाटलं असतं मी डाव करून रायलो, म्हणून तिथं सांगतलं. चप्पल काढून सतरंजीवर बसलो. म्हटलं, "थेंब तुही माय देत होती. ती गेल्यावर मी दिले. मले बराबर देता आले नाही."

संजू मले पाहत रायला. "किती वर्षं?"

"अकरा."

"रोज?"

"रोज."

त्यानं आपला पेला उचलून बाजूले ठेवला. मंग म्हणला, "आई म्हणे, तुह्यासाठी अलग बनवलं."

कोणी समजूत घातली नाही. कोणी पाठीवर हातही ठेवला नाही. एक बाई होती, तिलेही हाच आजार, ती तेवढं बोलली, "माह्या मायनं मले दुधात देलं होतं. मी अजून दूध पेत नाही. गोळी चालते, पण माह्या हातानं."

संजू उठून बाहेर गेला आन् पायरीवर बसला. रमेश जाऊन त्याच्या बाजूले बसला. एक घंटा. दोघं एक शब्द बोलले नाही. मी खिडकीतून पाहत होतो. मले तसं बसता आलं नसतं. मी काहीतरी बोललो असतो, समजावलं असतं, तिची बाजू घेतली असती. डॉक्टर बसला असता का, तर तोही नाही. त्याच्याजवळ फाईली असतात.

घरी आल्यावर संजूनं मायचा फोटो उतरवून पेटीत ठेवला. वर्षश्राद्धाले तो बसला नाही, मी एकट्यानं केलं. मले लय लागलं. अजून लागते.

पण त्याच आठवड्यात त्यानं डॉक्टरले जाऊन स्वतः विचारलं, कोणती गोळी, कितीची, मान आखडनार नाही अशी आहे का. आता वारावारीच्या गोळ्यायचा डबा त्याच्याजवळ असते. एखाद्या दिवशी चुकवते. मले सांगत नाही, रमेशले फोनवर सांगते. स्वयंपाक तोच करते. मले पयल्यांदा ताट वाढलं तवा म्हणला, "खा, काई नाही टाकलं." मी चव घेतली, खरंच काही टाकलं नव्हतं, मीठसुद्धा नाही. तसं सांगतलं तर बारीकसा हासला.

तो बरा झाला असं मी लिहिनार नाही. आवाज अजून येतात, कमी येतात. अंगावर मांस आलं. बाजारात बसते.

रमेशसंग माहं जमत नाही. लय बोलते, आन् सारं आपल्यालेच समजते असं त्याले वाटते. पण तो आला का मी त्याच्यासाठी वांगे तोडून ठेवतो, पयल्या तोडनीचे. त्याले माहीत हाये काहून ते.

तुमच्या घरी कोणी औषध कालवून देत असन, तर तुमी जिते हा तवर तुमच्या तोंडानं सांगा. चांगल्यासाठी देलं म्हणा, काही म्हणा, पण सांगा. त्याले तुमच्यासंग भांडता आलं पाहिजे. माह्या पोराचं मायसंग भांडनं रायलं, म्हणून तो आता माह्यासंग भांडते. कधी बेसनावरून, कधी पाण्यावरून, कधी कशावरूनच नाही.

भांडू दे. मी हावो अजून.