सनईच्या पेटीतली वाफ

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही. माझे वडील सुतार. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात कुणाचं कपाट आपोआप कुरकुरायला लागलं, की लोक आधी देवऋषाकडे आणि मग वडलांकडे यायचे. वडील जाऊन कपाटावर हात फिरवायचे आणि सांगायचे, लाकूड आहे, सुकताना आवाज करणारच. त्या माणसाची मी मुलगी. रंधा, पटाशी, पॉलिश सगळं त्यांच्याकडूनच शिकले.

हे इतकी वर्षं कुठे लिहिलं नव्हतं. आता लिहितेय ते रागाने. मागच्या आठवड्यात याच ग्रुपवर एकाने लिहिलं होतं, की त्याच्या घरी बंद फ्रेमच्या काचेवर आतून वाफ धरते. खाली सगळ्यांचं एकच उत्तर — लाकूड ओलं असणार, कारागिराने फसवलं. लाकूड बघितलंत का कुणी? हात लावलात? हेच वाक्य मी एकदा तोंडावर ऐकलंय. म्हणून सांगते.

साल ९६–९७ चा हिवाळा. आम्ही कोपरखैरण्याला माथाडींच्या वसाहतीत राहायचो. माझे मिस्टर वाशीच्या मार्केटला, कांदा-बटाट्यात. घराच्या पुढच्या खोलीत मी फ्रेमचं दुकान काढलं होतं. देवांचे फोटो, लग्नाचे फोटो, शाळेची सर्टिफिकेटं... बाई फ्रेम बनवते म्हणून सुरुवातीला लोक नुसते बघायला यायचे. नंतर काम बघून यायला लागले.

जवळच्या गावठाणातून नामदेवशेठ आले. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, घरचे लोक अजून आहेत, त्यांची नावंही बदललीत. नव्या शहरासाठी जमिनी गेल्यानंतर या माणसाने दोन बिल्डिंगा उभ्या केल्या होत्या आणि नवीन बंगला बांधला होता. त्यांनी पिशवीतून एक सनई काढली. जुनी, काळी झालेली, खाली पितळेचं रुंद तोंड. तोंडात धरायची पत्तीसुद्धा दोऱ्याने बांधलेली तशीच होती.

म्हणाले, "वडलांची हाय. आठवन म्हनून हॉलमदी लावाची. काचेची पेटी करा, एकदम झकास."

मी विचारलं, खाली नावाची पट्टी लावायची का? हो म्हणाले. मग नावाच्या आधी 'कैलासवासी' लिहू ना, असं विचारलं, तर म्हणाले, नको, निस्ता नाव लिवा. मला वाटलं, असेल यांची पद्धत.

ती पेटी मी जीव ओतून केली. ठाण्याला एक जुनं घर पाडलं होतं, त्याच्या चौकटीचं सागवान माझ्याकडे ठेवलेलं होतं. साठ-सत्तर वर्षांचं लाकूड. त्यात ओलावा शोधायचा म्हणजे दगडात शोधण्यासारखं. चारी कोपरे पंचेचाळीस अंशांत कापले, आतून खाच पाडून काच बसवली, मागे प्लायवर मरून मखमल, सनई धरायला दोन पितळी कड्या. मागची फळी आठ स्क्रूंनी आवळली. डिसेंबरचे दिवस, हवा कोरडी. शेठ खूश होऊन घेऊन गेले.

आठ दिवसांत पेटी परत. शेठ म्हणाले, काचेवर आतून वाफ धरते. मी बघितलं, तर काच स्वच्छ. दुकानात पंधरा दिवस ठेवली, सकाळ-संध्याकाळ बघितली, उन्हात ठेवून बघितली. काही नाही. परत नेऊन दिली. तिसऱ्या दिवशी निरोप — पुन्हा वाफ.

मग मी दुसरी पेटी केली. त्याच चौकटीचं सागवान, नवीन काच, नवीन मखमल. बुटांच्या खोक्यात ओलावा शोषायच्या पुड्या येतात ना, त्या चार मखमलीमागे टाकल्या. कडेने पुट्टी भरली. यात काय जाणार आणि काय येणार?

तरी वाफ. या वेळी शेठ स्वतः आले आणि दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना म्हणाले, "न्हावा शेवाच्या खोक्यांचा लाकूड मारलाय तुमी. सागवान सांगून फळकुटा लावलीत. बाईच्या हातात काम दिला ती माझीच चुकी झाली."

अंगाची लाही लाही झाली माझी. पोर्टवर माल येतो त्या खोक्यांचं लाकूड बाहेर स्वस्तात मिळायचं, खरं आहे. खूप जण वापरायचे. मी एक तुकडा कधी घरात आणला नव्हता. मिस्टर म्हणाले, सोड, टेन्शन घेऊ नकोस, मोठी माणसं आहेत. पण शेठने ते गावभर सांगितलं. तिथल्या मंगल कार्यालयाचं सगळ्या फ्रेमांचं काम मला मिळणार होतं, ते दुसऱ्याकडे गेलं. शेजारच्या वहिनींनीसुद्धा हळूच विचारलं, अगं, खरंच खोक्याचं होतं का?

तेव्हा ठरवलं, आपण स्वतः जाऊन बघायचं. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि जुन्या चौकटीचा उरलेला तुकडा घेतला, आणि दुपारी साडेतीनला बंगल्यावर गेले. शेठ बाहेर गेले होते. त्यांच्या मिसेस, सुमनवहिनी, स्वभावाने चांगल्या. म्हणाल्या, बरं झालं आलात, वाफ चारच्या सुमाराला धरते, चहाच्या वेळेला. बाकी दिवसभर काही नसतं.

माझ्या डोक्यात तेव्हाच आलं, हे लाकडाचं काम नाही. ओलं लाकूड घड्याळ बघत नाही.

हॉलमध्ये सोफा, शोकेस आणि समोरच्या भिंतीवर माझी पेटी. काच लख्ख. मी टॉर्च मारून कडा तपासल्या, सगळं जागच्या जागी. तेवढ्यात वहिनी आतून एका म्हाताऱ्याला हाताला धरून घेऊन आल्या. अंगात बंडी, डोळ्यांवर जाड चष्मा. खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, हातात चहाचा कप दिला.

मी विचारलं, हे कोण?

"आमचे सासरे," वहिनी म्हणाल्या.

मी पट्टीवरचं नाव पुन्हा वाचलं. गोविंद बाळू पाटील. माझ्याच हाताने रंगवलेलं. माणूस जिवंत, समोर चहा पितोय, आणि त्याची आठवण म्हणून मी त्याची सनई काचेत बंद करून दिली होती... मला इतकी लाज वाटली, की त्यांच्याकडे बघवेना.

वहिनींनी हळू आवाजात सांगितलं. बाबांना दमा. वर्षभरापूर्वी डॉक्टर म्हणाले, फुंकायचं बंद करा. बाबा ऐकेनात. आसपासच्या गावात लग्न निघालं, की अजून बोलावणं यायचं आणि हे जायचे. रोज दुपारी झोपून उठले, की ओट्यावर बसून तासभर वाजवायचे. मग शेठने एक दिवस सनई उचलली आणि घरात सांगितलं, फ्रेम करायला दिली. फ्रेम केलेली वस्तू कोण काढणार? बाबांना मोतीबिंदू, पेटी भिंतीवर आहे एवढं त्यांना माहीत होतं, पण तिथून ती त्यांना नीट दिसतही नव्हती.

चहा संपला. बाबांनी कप खाली ठेवला, हात मांडीवर घेतले आणि त्यांची बोटं हलायला लागली. एक उचल, एक दाब, एक उचल. गाल किंचित फुगत होते. आवाज काही नाही. खेळ चालला असेल म्हाताऱ्याचा, असं वाटून मी पेटीकडे वळले.

सनईच्या पितळी तोंडासमोर काचेवर बांगडीएवढा गोल धुरकटला होता. थंडीत आपण आरशावर हा केल्यावर येतो ना, तसा. बघता बघता तो पुसट झाला आणि पुन्हा भरला. पुन्हा पुसट, पुन्हा भरला. मी पदराने काच पुसली. बाहेरून कोरडी. वाफ आत होती. मागे वळून बघितलं, तर म्हाताऱ्याचा गाल फुगला की इकडे गोल भरत होता.

खोटं सांगत नाही, भीती वाटली. पण घाबरण्यापेक्षा मला पेटी उघडायची घाई झाली होती. वहिनींच्या मदतीने ती खाली उतरवली, टेबलावर पालथी घातली, आठही स्क्रू काढले. मखमलीवर हात फिरवला, कोरडी. लाकडाला गाल लावला, कोरडं. पुड्यांमधले दाणे खुळखुळत होते. मग सनई हातात घेतली आणि माझं बोट पत्तीला लागलं.

पत्ती ओली होती. नुसती दमट नाही, तोंडातून आत्ता काढल्यासारखी ओली, टोकाला थेंब. दोन महिने जिला कुणी ओठ लावला नव्हता ती. माझ्या बोटाला लागलेलं पाणी मी वहिनींना दाखवलं. त्यांनी स्वतःच्या बोटाने पत्ती चाचपून बघितली.

मी बाबांजवळ जाऊन विचारलं, बाबा, आत्ता काय करत होतात?

चोरी पकडल्यासारखे ते ओशाळले. "काय नाय ग. रोजचे टायमाला मनान वाजवतंय निस्ता. त्यान काय दम लागत नाय."

नेमके तेव्हाच शेठ आले. उघडी पेटी बघून भडकले, कुणाला विचारून उघडलीत? मी म्हटलं, "शेठ, तुम्ही मला वडलांची आठवण म्हणालात. वडील तर इथं बसलेत."

"डॉक्टरनी मना केलंय. आनी लोकांचे मांडवान जाऊन वाजवतात, मंग माझी काय इज्जत रवते?"

आधी डॉक्टर आणि लगेच इज्जत. खरं कारण मला तिथेच कळलं. मी चौकटीचा तुकडा पिशवीतून काढून त्यांच्यासमोर ठेवला, म्हटलं, हे तुमच्या पेटीचं लाकूड, कुठल्याही सुताराला दाखवा. आणि सनई नेऊन बाबांच्या हातात दिली. बोटांनी चाचपून त्यांनी ती ओळखली. शेठ मला म्हणाले, निघा. मी रिकामी पेटी उचलली आणि निघाले. फाटकापर्यंत आले तेव्हा मागून एक सूर आला, लांब, थोडा फाटका, आणि मग खोकला. मग पुन्हा सूर.

पुढचे तीन दिवस माझ्या जिवात जीव नव्हता. म्हाताऱ्याचं काही बरंवाईट झालं तर? खोक्याच्या लाकडाचा आळ परवडला, हा कसा परवडणार? चौथ्या दिवशी वहिनी दुकानात आल्या. बाबा बरे होते. दोन मिनिटं वाजवत, खोकत, थांबत. शेठने सनई परत घ्यायचा प्रयत्न केला तर वहिनी आडव्या आल्या, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. आता पेटी पाहिजे होती, पण दार असलेली.

मी पहिलीच पेटी घेतली, परत आल्यापासून दुकानात पडून होती ती. काचेला बिजागऱ्या लावून दार केलं, साधा हूक लावला. बाबा दुपारी सनई काढायचे आणि वाजवून झालं की आत ठेवायचे. ओली पत्ती रोज आत जायची, तरी काच कधी धुरकटली नाही. दीड-दोन वर्षांनी बाबा गेले, झोपेतच. शेठने दार कायमचं बंद करायला मला बोलावलं. पत्तीला हात लावून बघितला, वाळलेली, कडक. स्क्रू आवळले. त्यानंतर पावसाळे आले, गावात भिंतींना बुरशी धरली, चपला पांढऱ्या झाल्या, पण त्या काचेवर वाफ आली नाही. वहिनींना मी दरवर्षी विचारत होते.

माझ्याकडे फ्रेम करून घ्यायला एक विज्ञानाचे सर यायचे. त्यांना सगळं सांगितलं. पितळ थंड, हवा गरम, असं काहीतरी त्यांनी पाटीवर आकृती काढून समजावलं. मी म्हटलं, सर, मग पत्ती ओली कशी? आणि म्हाताऱ्याच्या गालाबरोबर गोल कमी-जास्त कसा होत होता? सरांनी आकृती पुसली. एक नक्की सांगते, लाकूड कोरडं होतं.

नामदेवशेठने माफी मागितली का, असं कुणी विचारेल. नाही. दार बंद करायच्या दिवशी चहा दिला, तोही वहिनींनी.

बाबा असताना, मी दाराची पेटी भिंतीला लावायला गेले होते, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, बाबा, तुम्ही इथे खुर्चीत बसून मनात वाजवायचात आणि तिकडे तुमच्या श्वासाने काच धुरकट व्हायची, पत्ती ओली व्हायची. मला वाटलं, घाबरतील किंवा हात जोडतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कान माझ्याकडे करून विचारलं, "आनि आवाज? आवाज येत व्हता का?"

मी म्हटलं, नाही बाबा, आवाज नव्हता येत.

ते चांगलेच वैतागले. "मंग काय उपेग त्याचा," म्हणाले, आणि सनईसाठी हात पुढे केला.