रस्त्यावर वाळवलेला धावडा

आमच्या घरात बारावीच्या पुढं गेलेली मी पहिली. याचा मला गर्व होता, अजून आहे, तो मी लपवत नाही. त्या गर्वात एकदा जे बोलून बसले, ते मात्र लपवत आले.

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी ब्रह्मपुरीला कॉलेजात प्रोजेक्ट करायचा होता. विषय मीच निवडला: औषधी झाडांच्या पानांतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं. झाड शोधावं लागलं नाही. माझी मोठीमाय, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, कोणाला विळा लागला की धावड्याच्या पाल्याच्या काढ्यानं जखम धुवायची. धानकापणीत तिच्या छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, कोणी ना कोणी बोट धरून बसलेलं असायचंच. मोठे बाबा गेल्यावर गावात तिला जो काही मान होता, तो या काढ्याचा.

तिनंच मला जंगलात नेऊन पाला तोडून दिला. थैली देताना म्हणाली, "पोरी, याले उन्हात नको टाकू. सावलीत वाळव. काळा पडला तर फेकून देजो."

मी मान हलवली. मनात म्हटलं, हिला काय माहीत.

हलका, म्हणजे लवकर येणारा धान निघाला होता. आमच्याकडं धान, मोहफुलं, मिरच्या, जे वाळवायचं ते डांबरी रस्त्यावर पसरतात आणि गाड्या बाजूनं जातात. मला सुट्टी तीनच दिवस होती. मीही धानाच्या शेजारी पाला पसरला. दिवसा ऊन, रात्री दव. तिसऱ्या दिवशी पाला काळपट आणि कुरकुरीत झाला. मला बरंच वाटलं, कुटायला सोपा.

लॅबमध्ये एक जांभळं द्रावण असतं. त्यात पानाचा अर्क टाकायचा. अर्कात ती द्रव्यं असतील तर जांभळा रंग उतरत जाऊन पिवळा होतो. माझ्या नळीत रंग जरासा फिका झाला आणि तिथंच थांबला.

पुढच्या पौर्णिमेला विहारात बाया जमल्या होत्या. मोठीमाय खीर वाढत होती. शेजारच्या काकूनं विचारलं, "काय वं पोरी, पाल्याची बी परीक्षा असते म्हनते?"

"असते. मोठीमायच्या पाल्याची घेतली मी. नापास झाला. काहीच नाई त्यात. गरम पाण्यानं धुतलं तरी तेवढंच."

"घ्या! म्हनजे इतके वर्ष आपन फुकटच बोटं भिजवून राह्यलो!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मोठीमायही हसली, आणि तिनं खिरीचं भांडं दुसऱ्या बाईकडं दिलं.

उशिरा येणाऱ्या जड धानाची कापणी आली. छपरी रिकामी होती. त्याच काकूला विळा लागला, तेव्हा ती बोटाला चिंधी गुंडाळून मोठीमायच्या दारावरून मेडिकलमध्ये गेली. मेडिकलमध्ये जाण्यात काही वाईट नाही. पण जाताना तिनं दाराकडं पाहिलंही नाही.

कॉलेजात मॅडमनी माझे आकडे पाहिले आणि विचारलं, "पाला वाळवला कसा?"

"रस्त्यावर."

मागची पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "अगं, उन्हानं, दवानं द्रव्यं खराब होतात. पानं सावलीत वाळवायची असतात. पुन्हा कर सगळं."

म्हणजे पुन्हा मोठीमायकडं जाणं आलं. मी दारात उभी राहून नुसतं "पाला पाहिजे" म्हटलं. तिनं काही न विचारता छपरीच्या आढ्याला बांधलेली जुडी सोडून दिली. कित्येक दिवसांची होती, तरी हिरवी.

या वेळी नळीतला जांभळा रंग डोळ्यांदेखत पिवळा झाला.

नळीत रंग उतरला म्हणून जखम भरते असं सिद्ध होत नाही. नाही उतरला म्हणून काढा फुकटचा, असंही होत नाही. एवढं मला विहारात बोलतानाही माहीत होतं. तरी बोलले.

प्रोजेक्टमध्ये मी लिहिलं, 'पाने सावलीत वाळवण्यात आली.' कोणी सांगितलं, ते लिहिलं नाही. आभाराच्या पानावर मॅडम आल्या, प्राचार्य आले, लॅबचे भाऊसुद्धा आले.

निकाल लागल्यावर मोठीमायकडं गेले. ती भात टाकत होती. मी चुलीजवळ बसून हळूच म्हटलं, "मोठीमाय, तुझा पाला पास झाला. चूक माझी होती. मी रस्त्यावर वाळवला होता."

तिनं भातावर झाकण ठेवलं. "नापास झाला ते चार बायांत सांगतलं. पास झाला ते चुलीपाशी काऊन सांगून राह्यली?"

तिनं जेवायला वाढलं, मी जेवले.

त्यानंतर कितीतरी पौर्णिमा झाल्या. आता मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. विहारात बाया मला खुर्ची देतात, पगार विचारतात, पोरींना माझ्यासारखं शीक म्हणतात. मी सगळं सांगते. ते एक सांगत नाही. मोठीमाय भिंतीला टेकून बसलेली असते, आणि मी उठून निघेपर्यंत माझ्याकडं पाहत असते. ती जंगलात जात नाही. आढ्याला आता लसणाची जुडी असते.

इथं हे सगळं लिहून टाकलं खरं. पण त्या बायांतली एकही हे वाचणार नाही, आणि लिहायला बसले तेव्हा मला ते ठाऊक होतं.