रिकाम्या गाडीतला रुमाल

प्रवासवर्णन लांब जाऊन आलेल्यांनी लिहावं. मी बेंबळीजवळच्या आमच्या वाडीहून तेरला जाऊन आलो, एवढंच. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेव्हा लिहिण्याच्या आगाऊपणाबद्दल आधीच माफी मागतो.

दिवाळीच्या सुट्टीत दहावीतली बहीण रूपाली आणि चुलतभाऊ सागर यांना तेर दाखवायचं ठरवलं. सागर अकरावीला. रोज मित्रांसोबत मोटारसायकलवर धाराशिवला जातो, लायसन नसताना.

"एसटीनं जाऊ," मी भीतभीतच म्हणालो.

"दादा, एसटीनं म्हातारी माणसं जातात!"

तरी आला. फाट्यावर गाडी थांबताच त्यानं चेष्टेनं जागेसाठी खिडकीतून रुमाल टाकला. आत माळव्याची (भाजीपाल्याची) पाटी घेतलेली एक आजी, बाकी बाकं मोकळी.

"लेकरा, रिकाम्या गाडीत रुमाल कशाला?" कंडक्टर मावशी हसल्या. तिकीट देताना म्हणाल्या, "माणसंच न्हाईत. ही फेरी बंद करायचं चाललंय."

धाराशिवला पुढची गाडी चुकली. स्टँडवर भजी खाताना सागरचे टोमणे चालूच होते. रूपाली मात्र भजी नुसतीच चिवडत होती.

तेरला विटांचं जुनं देऊळ बघितलं, मग संग्रहालयातल्या मातीच्या बाहुल्या. तिथले काका म्हणाले, "इथला माल पार समुद्रापर्यंत जायचा, बैलगाड्यांनी."

"एकेकटी गाडी?" मला नवल वाटलं.

"छे! सगळ्यांचा मिळून तांडा निघायचा."

तेरणेच्या काठी धपाट्यांची शिदोरी सोडली. सागरनं विचारलं, "रूपे, तोंड का पाडलंस?"

"आबा म्हणालेत, गाडी असंल तरच अकरावीला धाराशिव. न्हाय तर शिक्षण बास." आबा म्हणजे आमचे वडील.

"मी सोडीन की मोटारसायकलवर."

"मला सोडशील. वाडीतल्या बाकीच्या पोरींना?"

परतताना सकाळच्याच मावशी भेटल्या. सागरनं विचारलं, "मावशी, आमी पोरं गाडीनं आलो तर फेरी ऱ्हाईल का?"

"मी कोण सांगणार? पण एक दिस येऊन भागायचं न्हाय, बाबा. रोज या."

सुट्टी संपली, मी हॉस्टेलवर परतलो. पुढं काय झालं, हे विचारायचा धीर होईना. नको तेच उत्तर आलं तर? मी स्वतः मात्र गावी जाताना एसटी सोडली नाही. दुसऱ्याला सांगायचं तर आपण तरी पाळावं.

पुढच्या वर्षीची कॉलेजं सुरू झाल्यावर एका सकाळी रूपालीचा फोन आला. मागं गलका चाललेला.

"दादा, धाराशिवला पोचले. अकरावीचा पहिला दिवस! पण पाय लई दुखायलेत."

"का गं?"

"सागरदादानं माझ्यासाठी रुमाल टाकला होता. पण जागा कुठं? सगळी वाट उभं राहून आले."