फटफटीची खीळ

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सही केली नाही. वडील अजून अंगठा उठवतात. चार बुके शिकून मी लगेच कागदावर उतरावे, हा आगाऊपणाच आहे. पण जे सांगणार आहे ते आजवर कुणालाही सांगितलेले नाही. आईलाही नाही.

दोनदा सुरुवात करून कागद फाडला. दोन्ही वेळा फटफटीविषयीच लिहीत सुटलो—तिचा आवाज, तिच्या तेलाचा वास. फटफटीचा काय दोष?

ती गणूमामाची, माझ्या आईच्या भावाची. मामा लढाईत पलटणीचे टपाल फटफटीवरून नेई. डाव्या मनगटात गोळी घेऊन तो परत आला. मुळशीत धरणाचे काम निघाले तेव्हा एका साहेबाने टाकून दिलेली जुनी फटफटी त्याने घेतली आणि कंत्राटदाराचे टपाल पुण्याला पोचवू लागला. अडचण एकच. गिअरचा दांडा टाकीच्या उजव्या अंगाला. उजवा हात तिकडे गेला की हँडल एकट्या डाव्या हातावर येई, आणि तो हात थरथरे. दर उताराला, दर वळणाला.

मी कॉलेजातून सुटीत येताना रद्दीतले एक इंग्रजी मासिक आणले. हाताचा गिअर पायाने बदलता येईल असा घरच्या घरी कसा करावा, ते त्यात चित्रासकट दिले होते. मामाला केवढा आनंद! धोंडूतात्या लोहाराने आमच्या अंगणातच भाता मांडला. मी वाचून मराठीत सांगे, तात्या सळई तापवून वाकवी. बघायला माणसे जमत.

"वाचा सायेब," तात्या डोळे मिचकावून म्हणे. "लोखंड विलायती हाय, पर हातोडा आपलाच. त्याला मराठीत सांगा."

शेवटचा परिच्छेद मला कळला नाही.

एवढे एक वाक्य लिहायला मला चार वर्षे लागली. सहा ओळी होत्या. तीन शब्द अडले आणि अर्थ लागेना. कळत नाही म्हणालो असतो तर काय झाले असते? पण वडील समोर उभे होते—माझ्या तोंडाकडे बघत, तोंडभर हसत. मी पान मिटले. म्हणालो, झाले, एवढेच आहे.

वडील मामाला बोलवायला गेले, माणसे त्यांच्यामागे गेली. तात्या खाली बसून नट चाचपत होता.

"गाडीच्या चाकाला आमी भाइरनं खीळ घालतो, न्हाईतर चाक निगून जातं. ह्या नटाला आडवी खीळ लिवली न्हाई व्हय?"

"नाही," मी म्हणालो. "तसे काही लिहिलेले नाही."

"मग ऱ्हायलं. ज्यानं लिवलं त्याला आमच्यापरीस कळतंया."

आठवडाभर मामा मजेत फिरला. मग पौडच्या अलीकडच्या उतारावर नट सुटला, सळई गळून पडली. खालचा गिअर पडेना, ब्रेक एकटा पुरेना. फटफटी ओढ्यात गेली. मामाचा उजवा पाय गुडघ्यात कायमचा ताठला.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. हा अर्धा.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या मास्तरांकडून कोश आणून ते तीन शब्द पाहिले. खीळच लिहिली होती. प्रत्येक नटाला आडवी खीळ. म्हणजे चूक कोणाची हे ठरवायला देवळापुढे गावची माणसे बसली तेव्हा मला सगळे ठाऊक होते—हे ध्यानात ठेवा.

"म्या इचारलं व्हतं," तात्या म्हणाला. "खिळीचं मी ह्यास्नी इचारलं व्हतं."

सगळे माझ्याकडे वळले. वडीलही. मी स्वच्छ, शहरी मराठीत म्हणालो, "तात्यांनी असे काही विचारल्याचे मला आठवत नाही."

तात्या चिडला असता तर बरे झाले असते. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला, जणू काही हरवलेले माझ्या चेहऱ्यावर शोधत होता. मग म्हणाला, "असंल. लई गडबड व्हती. असंल."

त्याच वर्षी आमचे गाव पाण्याखाली जायचे म्हणून उठले. नव्या जागी गाव आपला सुतार, आपला न्हावी बरोबर नेणार होते. वर्षाचे धान्य देऊन त्यांना पोसायचे. लोहाराचे नाव निघाले तेव्हा कोणीतरी म्हणाले, "त्याचा हात चळलाय आता." त्याचे नाव गळले. मी तिथेच होतो. ऐरण गाडीत घालून तात्या आणि त्याची बायको दोघेच कोळवणच्या बाजूला गेले. ऐरण चढवायला मी हात लावला. तेव्हाही बोललो नाही. का? 

गेल्या महिन्यात कोळवणचा एक धनगर पुण्याच्या बाजारात भेटला. तात्या माघात गेला म्हणाला. शेवटपर्यंत विळे-खुरपी धार लावून देई, पण गाडीच्या चाकाला कधी हात लावला नाही. मी भीतभीत विचारले—आमच्या गावाचे काही बोलायचे का?

"बोलायचे की. म्हनायचे, पोरगं गुणाचं, त्यानं समदं नीट वाचलं. खिळीचं इचारायचं माझ्या मनातच ऱ्हायलं, आन् मला वाटलं, इचारलं."