कापायचं गाणं

आमच्या आत्याच्या कारखान्यात वेळ विचारली तर आकड्यात उत्तर मिळत नाही. "बासरीवालं संपून दोन झाली," असं काहीतरी ऐकायला मिळतं, आणि विचारणारा होता त्याहून जास्त गोंधळतो.

कारखाना म्हणजे गॅरेजच्या वरची एक लांबट खोली. भिंतीकडेला शिलाईची मशिनं, कोपऱ्यात इस्त्री, आणि मधोमध कापायचं टेबल. ते इतकं मोठं की टेबल आधी आलं असावं आणि खोली त्याच्याभोवती मागाहून बांधली असावी. इथे पडदे शिवले जातात. घरांचे, दवाखान्यांचे, हॉटेलांचे. कुणी चुकून "शिवणाचा क्लास" म्हटलं, तर आत्या त्याला जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत सुनावते.

जुन्या बाजारातून आणलेल्या एका मशिनवर तिने सुरुवात केली. पहिला पडदा शेजारणीचा होता, तो आखूड झाला. शेजारीण बिचारी म्हणाली, "चालेल हो." आत्या म्हणाली, "मला नाही चालत," आणि स्वतःच्या पदरचं कापड घालून तिने तो नव्याने शिवला. तेव्हापासून कारखान्यात दोन कायदे आहेत. कात्री धरायची ती आत्यानेच, आणि कापड कापलं जात असताना कुणी अवाक्षर काढायचं नाही. शिंक आली तरी जिन्यात जाऊन द्यायची.

गाण्यांचा कायदा नंतर आला. घड्याळाकडे बघणारी बाई वाकडी शिवते, हा आत्याचा सिद्धांत. म्हणून तिने भिंतीवरचं घड्याळ काढून टाकलं आणि काडेपेटीएवढा एक म्युझिक प्लेयर आणून स्पीकरला जोडला. त्याला सगळ्या डबी म्हणतात. डबीत दिवसभर पुरतील इतकी गाणी, आणि त्यांचा क्रम आत्याने लावलेला. सकाळी एका म्हाताऱ्या आवाजातलं संथ गाणं, ते मापाचं. मग ढोलकाचा ठेका असलेलं कापायचं. क्लॅरिनेट वाजली की चहा. दोन बायका भांडल्यासारख्या गातात, ते जेवणाचं. दुपारी लांब शिलायांना लांब गाणी. आणि शेवटी एक रडकं गाणं उसवायचं. दिवसभरात जिचं जे चुकलं असेल, तिने ते तेव्हा उसवायचं. जिचं काही चुकलं नाही तिने नुसतं रडकं ऐकायचं. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं आणि पडदे सरळ होत होते.

मग एक दिवस तिचा मला फोन आला.

"अगं, डबी बिघडलीय. तू ये. हिच्यापायी माझा कारखाना जायची वेळ आलीय."

मी दातांच्या दवाखान्यात पेशंटना वेळा देते, एवढंच. पण माझ्यासमोर कॉम्प्युटर असतो, त्यामुळे आमच्या घरात इंजिनियर मीच. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसलं ते. जाणं भाग होतं, कारण कारखाना जाण्याची गोष्ट खरी होती. मध्यंतरी एका वाचनालयाच्या मोठ्या खिडक्यांचे पडदे आत्याने कापले ते सगळेच्या सगळे निम्म्या उंचीचे. उभ्या माणसाच्या कमरेपर्यंत प्रकाश आणि वर अंधार. कापड भरून द्यावं लागलं, आणि तिचा मुलगा, आमचा दादा, तिला म्हणाला होता, "आई, पुन्हा असं झालं तर मशिनं विकायची. माझ्याकडे येऊन राहायचं." दादा वाईट नाही. पण एकदा बोलला की बोलला, आईवरच गेलाय.

"डबीनं केलं सगळं," आत्या मला जिन्यातच सांगू लागली. "कापायचं गाणं दोनदा लागलं. गाणं लागलं की हात चालतो, त्याला मी काय करू? मग मी नवी डबी आणली, तर ही जुनीपेक्षा भ्रमिष्ट!"

आणि भ्रमिष्ट म्हणजे किती, ते मी डोळ्यांनी पाहिलं. सकाळचं मापाचं गाणं झालं आणि लगेच क्लॅरिनेट. इस्त्रीवाली सवयीने उठून चहा टाकायला गेली. चहा येतोय तोवर रडकं गाणं सुरू झालं. रिंगा बसवणारी मुकाट्याने काहीतरी उसवायला शोधू लागली. सापडेना, तर चांगली शिलाई उसवत बसली. तेवढ्यात त्या दोन भांडखोर बायका गायला लागल्या.

"जेवायचं का?" इस्त्रीवालीने हातात चहाचा ट्रे घेऊन विचारलं.

"चहा कोण पिणार?"

"आधी माप तर होऊ दे!"

"माप झालं ना?"

"कुणाचं झालं?"

सगळ्यात थोरली कारागीण, जिला सगळ्या थोरलीच म्हणतात, ती मात्र मान खाली घालून एकसारखी शिवत होती. आत्या टेबलाच्या डोक्याशी उभी राहून डबीकडे असं बघत होती, जसं आपण दुपारी झोपून संध्याकाळी उठल्यावर खिडकीकडे बघतो.

मी डबी हातात घेतली. तिच्या इवल्याशा स्क्रीनवर एकमेकांना छेद देणारे दोन बाण दिसले. "हे बघ, हेच!" मी म्हणाले. "हे असलं की गाणी पत्ते पिसल्यासारखी कशीही येतात." मोठ्या ऐटीत मी ते बंद केलं आणि पहिल्यापासून लावलं. मापाचं गाणं झालं. क्लॅरिनेट लागली.

"तुमच्या दवाखान्यात दातसुद्धा असेच काढतात का?" आत्याने विचारलं.

मग मी आत शिरले. डबीत गाणी चार वाटांनी शोधता येत होती: गायक, अल्बम, प्रकार, फोल्डर. गायकांत गेले तर जवळपास सगळी गाणी एकाच नावाखाली: अज्ञात.

"अज्ञात कसे?" आत्या भडकली. "अख्ख्या गल्लीला पाठ आहेत!"

"गाण्याच्या पोटात नावाची चिठ्ठी असते, आत्या. ह्यांच्यात ती कोरी आहे."

"मग वरून मी आकडे घातलेत, ते काय आंधळ्यासाठी?"

आकडे? ही नवी बातमी होती. दादाचा जुना लॅपटॉप बिलांसाठी कारखान्यात पडून होता. नवी डबी आणल्यावर आत्याने एका सुट्टीत, एका बोटाने, प्रत्येक गाण्याच्या नावाआधी त्याचा क्रमांक टाइप केला होता. एक, दोन, तीन, थेट शंभराच्या पुढे. मला थक्क व्हायला झालं. मी फोल्डरमध्ये गेले, आणि तिथे एकानंतर दहा, दहानंतर शंभर, मग एकशे एक, एकशे दोन, आणि कुठेतरी खूप खाली, केविलवाणा, दोन.

मला हे ओळखीचं वाटलं. दवाखान्यात दातांचे फोटो असेच उलटेसुलटे लागायचे. एकदा डॉक्टर भलत्याच दाढेवर घसरले होते.

"आत्या, ह्या डबीला आकडा कळत नाही. ती अक्षरं बघते. ज्याच्या सुरुवातीला एक, ते सगळे आधी."

"म्हणजे पंगतीत एकाच आडनावाचे सगळे आधी जेवणार, आणि दोन नंबरचा उपाशी?"

"तस्सं. आता एकाच्या आधी दोन शून्यं लावायची, दहाच्या आधी एक. सगळे सारख्या उंचीचे झाले की रांगेत उभे राहतात."

"सारख्या उंचीचे," आत्या म्हणाली. हे तिला लगेच पटलं. पडदेवालीच ती.

शून्यं लावता लावता माझी बोटं दुखली, पण डबी सुतासारखी सरळ आली. मापाचं, त्यानंतरचं, त्याच्याही नंतरचं, मग ढोलक. आत्याच्या चेहऱ्यावरचं मळभ गेलं. ती मला पोटाशी धरून म्हणाली, "बघ! मी म्हणत नव्हते? मला सगळे वेडी ठरवायला निघाले होते." मला इतका आनंद झाला की मी तिथूनच दादाला फोन लावला. "डबीच होती, दादा. आत्याची काही चूक नाही."

"नक्की?" दादा म्हणाला.

"अगदी नक्की."

तो म्हणाला, "बरं झालं गं," आणि त्याचा आवाज ओला झाल्यासारखा वाटला.

चहा झाल्यावर मी कप विसळायला बेसिनशी गेले. मागोमाग थोरली आली. नळ तिने आणखी मोठा सोडला.

"ताई, एक सांगू? रागावू नका."

"सांग ना."

"वाचनालयाचे पडदे कापले ना, तेव्हा जुनी डबी होती. नवी त्याच्यानंतर आली."

"हो, मग? जुनीत कापायचं गाणं दोनदा लागलं."

"नाही लागलं. जुनी डबी कधीच चुकली नाही."

मला काही समजेना. मी कप धरून तशीच उभी राहिले.

"बाईंनी कापून ठेवलेलं कापडच पुन्हा टेबलावर घेतलं," थोरली म्हणाली. "बोलायचं तर नाही. मी दोऱ्याच्या बॉबिनांचा डबा पाडला. पुन्हा पाडला. बाई म्हणाल्या, हात मोडलेत का तुझे? आणि कापलं. मग कळल्यावर टेबलापाशी बसून राहिल्या नुसत्या. ते बघवेना हो. इस्त्रीवाली म्हणाली, बाई, डबीनंच घोळ घातला, कापायचं गाणं दोनदा लागलं. आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं. आम्हाला काय माहीत, त्या नवीन डबी आणतील आणि खराच घोळ होईल!"

मी नळ बंद केला, पुन्हा सोडला. म्हणजे बिघडली नव्हती ती डबी बदलली. बदलली म्हणून बिघडली. ती मी नीट केली. आणि नीट झाली म्हणून काहीच नीट झालं नव्हतं. ह्या बायकांचा राग आला, दादाचा आला, त्या शून्यांचासुद्धा आला. आणि आत्याची इतकी माया दाटून आली की मला बेसिनकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

"पुन्हा झालं का तसं?" मी विचारलं.

"कधीकधी. पाहुणी म्हणून आलेल्या बाईला दोनदा नाव विचारतात. माप घेतलेलं पुन्हा घेतात. कापायच्या वेळी आम्ही काही ना काही पाडतो. ह्या महिन्यात कात्री लावायच्या आधी मशिनच पाडायची बाकी आहे."

ती हसली. मला हसू येईना.

बाहेर आलो तर टेबलावर नवं कापड पसरलं होतं. एका शाळेच्या सभागृहाचे पडदे, मखमली, गडद हिरवे. आज ते कापायचे होते. आत्याने डबी पहिल्यापासून लावली होती, आणि गाणी आपापल्या जागी शहाण्यासारखी येत होती. तिने टेप लावली, खिडकीकडच्या बाजूला खडूने रेघ ओढली, पट्टी ठेवून तपासली. हात कसा चालत होता! कुठे थरथर नाही. मग ती इस्त्रीवालीला काहीतरी सांगायला वळली. परत आली, टेप उचलली, पुन्हा लावली, आणि वीतभर अंतरावर दुसरी रेघ ओढली.

ढोलक सुरू झालं. खोलीतली सगळी मशिनं थांबली. आत्याने कात्री उचलली. थोरलीचा हात हळूच बॉबिनांच्या डब्याकडे गेला. मी तिच्याकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली. का हलवली ते मला आजही सांगता यायचं नाही.

डबा पडला नाही. आत्या कात्री उघडून कापडावर वाकली आणि तशीच राहिली. गाणं अर्ध्यावर आलं. तिने एक रेघ पाहिली, मग दुसरी. बोटाने दोन्ही पुसून पाहिल्या. दोन्हींचा खडू सारखाच ताजा. मग ती सरळ झाली, हात लांब करून तिने डबी बंद केली, आणि माझ्याकडे बघितलं.

"आज गाणं दोनदा लागलं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"खरं सांग. डबी की मी?"

दादाला फोनवर "अगदी नक्की" म्हणून अजून तास झाला नव्हता. तोंडाशी खोटं आलं होतं, चांगलं शिवलेलं, तयार. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की खोटं चाललं नसतं. "मला नाही चालत" म्हणणारी बाई ती.

"दोघी, आत्या."

खाली गॅरेजात कुणीतरी टायरवर हातोडी मारत होतं, तेवढाच आवाज. आत्या खुर्चीवर बसली. कात्री तिने मांडीवर ठेवली.

"डबीला तू शून्यं लावलीस," ती म्हणाली. "मला काय लावणार?"

मला रडू फुटलं. आत्याला रडलेलं खपत नाही, पण तिने टेबलावरची एक चिंधी माझ्याकडे सरकवली.

थोरली उठली. मशिनला वळसा घालून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, आत्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत कापायच्या वेळी तिथे कुणी उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बाई, आजपासून कापताना मी इथे उभी राहणार."

"राहा. पण बोलायचं नाही."

"बोलणार."

आत्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकवते. इस्त्रीवालीने तर ट्रेच छातीशी धरला.

"दादाला काय सांगायचं?" मी नाक पुसत विचारलं.

"त्याला मी सांगेन. ते त्याच्या आईचं काम आहे, तुझं नाही," आत्या म्हणाली. ती उठली, कात्री उघडली, कापडावर वाकली. दोन्ही रेघांवरून तिची नजर एकदा गेली.

"बरं," ती थोरलीला म्हणाली. "बोल. कुठली?"

"खिडकीकडची, बाई."

आत्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. खिडकीकडच्या रेघेवर कात्री ठेवली आणि कापायला सुरुवात केली.